रीजन्सी प्रेमकथांचे नवे अवतार कसे वाचावेत

इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या कादंबरीचा एखादा आधुनिक अवतार हाती आला, की बहुतेक वाचक पहिल्या पन्नास पानांत हजेरी घेऊ लागतात. हा गर्विष्ठ डॉक्टर म्हणजे ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा नायक डार्सी, ही तिखट जिभेची मुलगी म्हणजे नायिका एलिझाबेथ बेनेट, हा गोडबोल्या म्हणजे लबाड विकहम. सगळे हजर असल्याची खात्री पटली की पुस्तक जमले, आणि एलिझाबेथच्या बहिणींपैकी एखादी मेरी किंवा किटी गैरहजर आढळली की लेखकाने मूळ कृतीवर अन्याय केला, असा निकाल लागतो. मीही बरीच वर्षे असेच वाचत होते. एका कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तर मी पेन्सिलीने दोन रकाने आखले होते, डावीकडे मूळ पात्रे आणि उजवीकडे त्यांचे नवे अवतार. तक्ता पूर्ण भरला, आणि दोन महिन्यांनी पाहते तो त्या कादंबरीतला एकही प्रसंग मला धड आठवेना.

ही हजेरी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही, पण ती दहा मिनिटांत उरकावी. मूळ कादंबऱ्यांतली माणसे ज्या पेचात सापडलेली असतात तो पेच आज त्या रूपात उरलेला नाही. कायदा बदलला, वारसाहक्क बदलला, लग्न न करता स्त्रीला स्वतःच्या कमाईवर जगता येऊ लागले. त्यामुळे तीच कथा आज सांगू पाहणाऱ्या लेखकाला तितक्याच ताकदीचा दुसरा पेच आजच्या जगातून शोधून आणावा लागतो. त्याने कोणता पेच आणला, तो मूळ पेचाइतका घट्ट बसतो की पहिल्या धक्क्याला सुटतो, आणि तो बदलताना कथेत आणखी काय काय हलले, हे न्याहाळत वाचले की अगदी सुमार पुनर्कथनातूनही काही ना काही हाती लागते आणि चांगल्या पुनर्कथनाची तर गोडी दुप्पट होते.

आधी मूळ पेच समजून घ्यावेत

त्यासाठी सहाही कादंबऱ्या पाठ असण्याची गरज नाही. थोडी माहिती मात्र जवळ हवी. रीजन्सी म्हणजे काटेकोरपणे बोलायचे तर 1811 ते 1820 हा काळ, ज्यात राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्यकारभारास असमर्थ ठरल्याने त्याचा मुलगा राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होता. ऑस्टिनच्या सहा मोठ्या कादंबऱ्या 1811 ते 1817 या सात वर्षांत प्रसिद्ध झाल्या, त्यातल्या शेवटच्या दोन तिच्या मृत्यूनंतर. म्हणजे तिच्या दृष्टीने या ऐतिहासिक कादंबऱ्या नव्हत्याच. ती आपल्या काळातल्या, आपल्या ओळखीच्या घरांबद्दल लिहीत होती. टोपी-झालर, घोडागाड्या आणि मेणबत्त्यांच्या उजेडातले नाच यांचा जो मोह आज आपल्याला पडतो, तो तिच्या पहिल्या वाचकांना पडण्याचे काही कारणच नव्हते. त्या अर्थाने आजचे कपडे घातलेला अवतार काही बाबतींत मूळच्या अनुभवाच्या अधिक जवळ जातो, आणि हे एकदा ध्यानात आले की ‘हे काय, मोबाइल फोन कशाला आणले?’ ही तक्रार आपोआप गळून पडते.

दुसरी गोष्ट पैशाची. ऑस्टिन माणसांची ओळख करून देताना त्यांचे उत्पन्न हमखास सांगते. डार्सीचे वर्षाला दहा हजार पौंड, त्याचा मित्र बिंगले याचे चार-पाच हजार, बेनेट कुटुंबाच्या जमिनीचे दोन हजार. हे दोन हजार ऐकायला बरे वाटतात, पण बेनेटांची मिळकत केवळ पुरुष वारसालाच जाईल अशी बांधलेली आहे आणि घरात पाच मुली आहेत. बापाने डोळे मिटले की घरासकट सारे दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार आणि एलिझाबेथच्या वाट्याला, तेही आईच्या पश्चात, एक हजार पौंडांची ठेव तेवढी येणार. मुलींच्या लग्नासाठी जीव टाकणारी मिसेस बेनेट हास्यास्पद खरी, पण हिशेब तिचाच बरोबर आहे. नव्या अवतारात ही आई केवळ आरडाओरडा करणारी विनोदी बाई म्हणून उतरली असेल, तर लेखकाने हिशेब गाळून फक्त आवाज घेतला, असे खुशाल समजावे.

तिसरी गोष्ट अब्रूची आणि तिच्याभोवतीच्या कायद्याची. 1753 च्या विवाह कायद्यानुसार इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालील व्यक्तीला परवान्याने लग्न करायचे तर पालकांची संमती लागे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नसल्यामुळे पळून जाणारी जोडपी सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला जात. एकदा लग्न झाले की सुटका जवळपास नाहीच, कारण 1857 पूर्वी पुनर्विवाहाची मोकळीक देणारा घटस्फोट मिळवायचा तर त्यासाठी संसदेत स्वतंत्र विधेयक संमत करून घ्यावे लागे. अविवाहित स्त्रीपुरुषांनी एकमेकांना पत्रे लिहिणे ही वाङ्निश्चय झाल्याची खूण मानली जाई. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मध्ये मॅरिअॅन आपल्या आवडत्या विलोबीला पत्र लिहिते एवढ्यावरून तिची शहाणी बहीण एलिनॉर दोघांचे ठरलेच असणार असा अंदाज बांधते आणि फसते.

लिडिया पळून गेली, पुढे काय?

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या कोणत्याही नव्या अवताराची पारख करायची असेल, तर मी थेट एलिझाबेथच्या सर्वांत धाकट्या बहिणीच्या, लिडियाच्या, प्रसंगाकडे पाहते. प्रेमाची मागणी, नाच, पाऊस, तळ्याकाठचे घर हे सारे कोणालाही आजच्या जगात आणता येते. अडचण येते ती इथे.

मूळ कथेत नुकतीच सोळा वर्षांची झालेली लिडिया विकहमबरोबर पळून जाते आणि ती दोघे ग्रेटना ग्रीनला न जाता लग्नाशिवाय लंडनमध्ये राहतात, असे कळते. यामुळे एकट्या लिडियाचे नव्हे, पाचही बहिणींचे भवितव्य बुडते. मुलगी मेली असती तर यापेक्षा बरे झाले असते, असे कॉलिन्स सांत्वनपर पत्रात बापाला लिहितो, आणि कॉलिन्स मूर्ख असला तरी समाज काय म्हणतो आहे ते तो नेमके सांगत असतो. डार्सी त्यांना शोधून काढतो, विकहमचे हजार पौंडांहून अधिक कर्ज फेडतो, लिडियाच्या नावे आणखी एक हजार ठेवतो, विकहमला सैन्यात अधिकारपद विकत घेऊन देतो आणि त्याला लग्नाला उभा करतो. आजच्या वाचकाला इथे अंगावर काटा येतो, कारण सोळा वर्षांच्या मुलीला तिला फसवणाऱ्या माणसाच्या गळ्यात जन्मभरासाठी बांधणे, हीच या कथेतली ‘सुटका’ आहे.

आता हे आज कसे सांगायचे? मुलगी मित्राबरोबर चार दिवस गेली, तर बहिणींची लग्ने मोडत नाहीत. चार लेखक-दिग्दर्शकांनी काढलेली चार उत्तरे शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

हेलन फील्डिंगच्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’मध्ये, 1996 च्या त्या कादंबरीत, पळून जाते ती नायिकेची आई. पन्नाशी उलटलेली ही बाई एका लफंग्याच्या नादी लागते, ओळखीच्यांचे पैसे त्यात बुडतात आणि मार्क डार्सी तो गुंता सोडवतो. धाकट्या बहिणीच्या जागी आई आणल्याबरोबर प्रसंगाची धार शोकाकडून हास्याकडे वळते, आणि तरीही लाज वाटणे, आपल्याच माणसांमुळे त्याच्यासमोर मान खाली जाणे, हा मूळचा सल शाबूत राहतो. गुरिंदर चढ्ढा यांच्या 2004 च्या ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’ या चित्रपटात लिडियाच्या जागी असलेली लाखी लंडनमध्ये विकहमबरोबर निघून जाते, डार्सी आणि नायिका ललिता तिला गाठतात आणि लाखी विकहमच्या थोबाडीत मारून घरी परत येते. इथे सुटका लग्नापासून होते. बदल एवढासाच, पण दोनशे वर्षांचे अंतर त्या एका थपडेत मावले आहे.

2012–13 मध्ये शंभर लहान भागांत आलेल्या ‘द लिझी बेनेट डायरीज’ या वेब-मालिकेने काढलेले उत्तर मला सर्वांत अचूक वाटते. त्यात विकहम लिडियाची खासगी चित्रफीत विकायला काढतो. त्यासाठी संकेतस्थळ तयार आहे आणि त्यावर उलटी गणती चालू आहे. अब्रू नावाची गोष्ट आज नाहीशी झाली असे आपण म्हणतो, तेव्हा ती केवळ जागा बदलून बसली आहे याची ही आठवण आहे. ती एकदा गेली की परत आणता येत नाही, साऱ्या घराला तिची झळ बसते, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच काही करता येते. म्हणून डार्सी ते संकेतस्थळ ज्या कंपनीच्या हाती आहे तीच विकत घेऊन ते बंद पाडतो. मूळ पेचाचे तिन्ही धागे जसेच्या तसे सापडतात. शिवाय मालिकेने आणखी एक काम केले आहे, जे ऑस्टिनने केले नव्हते: लिडियाला स्वतःची बाजू सांगण्याची संधी दिली आहे, आणि त्यामुळे थोरल्या बहिणीने आजवर तिच्यावर केलेले विनोद आठवून प्रेक्षकालाही ओशाळायला होते.

कर्टिस सिटनफेल्डच्या 2016 च्या ‘एलिजिबल’ या कादंबरीत लिडिया ज्याच्याशी पळून जाऊन लग्न करते तो मुळात भला माणूस आहे. तो पारलिंगी पुरुष आहे हे कळल्यावर आकांत होतो तो आईच्या मनात. म्हणजे दोष पळून जाणाऱ्यांकडून काढून घरातल्यांच्या पूर्वग्रहावर ठेवला आहे. युक्ती हुशारीची आहे, पण मला ती थोडी सैल वाटते, कारण विकहमचा खोटेपणा त्या जागेवरून गेला की डार्सीच्या मदतीचे वजनही कमी होते. आपल्याला कदाचित उलट वाटेल. असे वाटावे आणि त्यावर वाद घालता यावा, हीच या वाचनाची मजा आहे.

डार्सीला नोकरी द्यावी लागते

आणखी एक गमतीची जागा. मूळचा डार्सी काही काम करत नाही. जमिनीचे उत्पन्न येते, कुळे आहेत, वाडा आहे, आणि काम करावे न लागणे हाच त्याच्या प्रतिष्ठेचा पाया आहे. आज बसून खाणारा नायक कोणाला भारी वाटत नाही, म्हणून प्रत्येक लेखकाला त्याला कामाला लावावे लागते. ब्रिजेटचा डार्सी मानवी हक्कांचे खटले चालवणारा वकील आहे, चढ्ढा यांचा डार्सी अमेरिकी हॉटेलमालकांच्या घरातला आहे, वेब-मालिकेतला डार्सी कंपनी चालवतो. ‘एलिजिबल’मध्ये तो मेंदूचा शल्यविशारद आहे, आणि सोनाली देव यांच्या 2019 च्या ‘प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स’मध्येही गर्विष्ठपणाचा वाटा ज्या त्रिशा राजेकडे आला आहे ती मेंदूचीच शल्यविशारद. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. ज्याचा तुटक उद्धटपणा आपण ‘असायचाच’ म्हणून खपवून घेतो, असा आजचा सरदार म्हणजे बहुधा हाच. देव यांनी स्त्रीपुरुषांच्या भूमिका उलट केल्या आहेत, त्यामुळे श्रीमंत, कर्तबगार आणि फटकळ स्त्रीला वाचक तितक्याच लवकर माफ करतो का, हा प्रश्न आयताच समोर येतो.

वयाचेही असेच. मूळ कथेत एलिझाबेथची थोरली बहीण जेन बावीस-तेवीस वर्षांची आहे आणि लवकरच ती बिनलग्नाची म्हातारी ठरेल असे लिडिया तिला चिडवते. ‘एलिजिबल’मध्ये तीच जेन चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे आणि मुलासाठी एकटीने वैद्यकीय उपचार घेते आहे. कालमर्यादेचा धाक तोच राहावा म्हणून लेखिकेला घड्याळ सतरा वर्षे पुढे सरकवावे लागले. नव्या पुस्तकातल्या नायिकांची वये नेहमी पाहून ठेवावीत. त्यांवरून लेखकाला कशाची घाई दाखवायची आहे ते लगेच कळते.

वरवर न दिसणारे धागे

काही बदल इतके चपखल असतात की दुसऱ्यांदा पाहिल्याखेरीज लक्षात येत नाहीत. एमी हेकर्लिंग यांचा 1995 चा ‘क्लूलेस’ हा चित्रपट ‘एमा’वरून घेतला आहे आणि तो बेव्हर्ली हिल्समधल्या शाळकरी मुलांत घडतो. मूळ कादंबरीत फ्रँक चर्चिल एमाशी सर्वांदेखत लाडीगोडी करतो, पण त्याचे लग्न दुसरीशी गुपचूप ठरलेले असते. शाळकरी मुलांत गुप्त वाङ्निश्चय कुठून आणायचा? चित्रपटातला क्रिश्चन समलिंगी आहे, आणि हे एका मित्राला उमगते, पण आपल्या हुशारीवर विसंबलेल्या शेरला, म्हणजे चित्रपटातल्या एमाला, उमगत नाही. फसगतीचे कारण बदलले, पण एमाचा आंधळेपणा, जो या कादंबरीचा खरा विषय आहे, तो तसाच्या तसा राहिला.

याच दोन कृतींतली आणखी एक जोडी जरा जवळून पाहू. ‘एमा’मध्ये बॉक्स हिलवर सहल गेली आहे, ऊन आहे, सगळे कंटाळले आहेत. फ्रँक खेळ काढतो: प्रत्येकाने एक अगदी चतुर गोष्ट सांगावी, किंवा दोन बऱ्यापैकी, किंवा तीन अगदी रटाळ. गरीब, बडबडी, सर्वांचे भले चिंतणारी मिस बेट्स हसून म्हणते, की मग माझे सोपे आहे, मी तोंड उघडले की तीन रटाळ गोष्टी येतीलच. आणि एमाला राहवत नाही. ती म्हणते की अडचण एवढीच, एका वेळी फक्त तीनच सांगता येतील. मिस बेट्सला ते क्षणभर कळत नाही, मग कळते, आणि ती रागावत नाही. आपण जुन्या मैत्रिणीला फार नकोशा झालो असू, एवढेच ती एमाच्या जुन्या स्नेह्याकडे, नाइटलीकडे, वळून म्हणते. नंतर नाइटली एमाला खडसावतो त्याचे कारण विनोद वाईट होता हे नाही. मिस बेट्स एमाच्या बरोबरीची असती तर चालले असते. पण ती गरीब आहे, चांगल्या स्थितीतून खाली आलेली आहे, आणि म्हातारपणी आणखी खाली जाणार आहे.

‘क्लूलेस’मध्ये याच्याशी जुळणारा प्रसंग शोधताना मी बरेच दिवस एखादी सहल धुंडाळत होते. तो स्वयंपाकघरात निघाला. माळ्याला निरोप सांग असे शेर घरकाम करणाऱ्या लूसीला सांगते, कारण ‘मला मेक्सिकन बोलता येत नाही’. लूसी मेक्सिकोची नाही, एल साल्वाडोरची आहे. ती दुखावून निघून जाते, आणि नाइटलीच्या जागी असलेला जॉश शेरला सुनावतो. प्रसंग मिनिटभराचा आहे, तो बॉक्स हिलचा अवतार आहे असे चित्रपटात कुठेही सांगितलेले नाही, आणि हे नाते मी जोडते आहे असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. तरीही वरच्या पायरीवरच्या मुलीने खालच्या पायरीवरच्या बाईला न बघता दुखावणे, आणि जो तिच्यावर प्रेम करतो त्यानेच ते तोंडावर सांगणे, हा सांधा जुळतो. पुनर्कथनात प्रसंगाची जागा, वेळ आणि निमित्त शोधत बसण्याऐवजी कोणी कोणाला, कोणत्या पायरीवरून दुखावले ते शोधावे.

राजीव मेनन यांच्या 2000 सालच्या ‘कण्डुकोण्डेन कण्डुकोण्डेन’ या तमिळ चित्रपटात ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चे असेच झाले आहे. मूळ मॅरिअॅनला तिच्यावर प्रेम करणारा कर्नल ब्रँडन म्हातारा वाटतो. तो पस्तिशीचा आहे आणि फ्लॅनेलची बंडी घालतो, एवढे तिला पुरते. चित्रपटातला बाला लढाईत पाय गमावलेला माजी सैनिक आहे. विलोबी श्रीमंत मुलीसाठी मॅरिअॅनला सोडतो. चित्रपटातल्या श्रीकांतची वित्तसंस्था बुडते आणि ती सावरायला त्याला श्रीमंत घरातले लग्न करावे लागते. आणि घर गमावलेल्या एलिनॉरला, जिला मूळ कथेत सोसण्याखेरीज काही करता येत नाही, इथे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळते. या शेवटच्या बदलाने पेच सैल होतो का? माझ्या मते होतो, पण त्या बदल्यात तिचे सोसणे अधिक तिचे स्वतःचे होते.

आवाजाकडे कान असू द्यावा

कथानक ही ऑस्टिनची अर्धीच कमाई आहे. उरलेली अर्धी तिच्या निवेदनात आहे, जे एकाच वाक्यात पात्राच्या मनात शिरलेले असते आणि बाहेर उभे राहून मिश्कीलपणे बघतही असते. एमाला सुंदर, हुशार आणि श्रीमंत म्हणून सांगणारे पहिले वाक्य स्तुतीचे दिसते. कादंबरी पुढे सरकते तसे त्यातले तिरकस हसू ऐकू येऊ लागते. नव्या लेखकापुढचा खरा कस इथे लागतो, आणि बहुतेक नवे अवतार पडतात ते इथेच. काहींनी उपाय म्हणून नायिकेलाच बोलते केले: ब्रिजेट रोजनिशी लिहिते, शेर आपली गोष्ट स्वतः सांगते, लिझी कॅमेऱ्यापुढे बसते. नायिका स्वतःबद्दल जे सांगते आणि आपल्याला तिच्या सांगण्यातून जे दिसते, या दोन्हींतले अंतर म्हणजेच निवेदिकेचे ते तिरकस हसू. ब्रिजेट रोज वजन आणि ओढलेल्या सिगारेटींचा आकडा लिहिते आणि रोजच सुधारण्याचा निश्चय करते, तेव्हा ते ऐकू येते.

याउलट पोशाख रीजन्सीचे ठेवून तोंडी आजची वाक्ये घालणारे काही चित्रपट आहेत. त्यांत नायिकेला एवढी हजरजबाबी करून ठेवतात, की तिची गप्प राहण्याची वेदनाच नाहीशी होते. ‘पर्स्वेजन’ची नायिका ॲन एलियट हिने साडेआठ वर्षे गप्प राहून काढली आहेत, तिने कॅमेऱ्याकडे पाहून डोळे मिचकावले की दुरावलेल्या प्रियकराच्या, वेंटवर्थच्या, पत्राची वाट कोणी पाहायची? तसे तर ‘पर्स्वेजन’ आज सांगायला सर्वांत अवघड. दोन माणसांनी इतकी वर्षे एकमेकांना एक निरोपही का पाठवला नाही, याचे पटणारे उत्तर लेखकाकडे आहे का, हे अशा पुस्तकाच्या पहिल्या तीन प्रकरणांतच तपासून घ्यावे. उत्तर ‘गैरसमज’ एवढेच असेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही.

क्रम, जोड्या आणि अर्धवट सोडण्याचा हक्क

मूळ आधी वाचावे की अवतार? नियम नाही. माझी एक मैत्रीण मूळ ‘एमा’ न वाचता ‘क्लूलेस’ पाहायला बसली आणि माझ्यापेक्षा जास्त हसली, कारण ती तपासणी करत नव्हती. मात्र दुसऱ्या वेळी मूळ कादंबरी जवळ असावी, आणि ती सगळी वाचण्याइतका वेळ नसेल तर निदान ज्या प्रसंगाबद्दल शंका आली ते प्रकरण उघडून पाहावे. एकाच कादंबरीचे दोन अवतार लागोपाठ वाचण्याने जे कळते ते एकेक वाचून कळत नाही, आणि ते दोन्ही शक्यतो निरनिराळ्या समाजांतले निवडावेत. उझ्मा जलालुद्दीन यांची ‘आयेशा ॲट लास्ट’ टोरांटोच्या मुस्लिम वस्तीत घडते, सोनिया कमाल यांची ‘अनमॅरिएजेबल’ पाकिस्तानात, आणि ईबी झोबोई यांची ‘प्राइड’ ब्रुकलिनमध्ये, जिथे प्रश्न लग्नाइतकाच आपल्या वस्तीत श्रीमंत येऊन राहू लागण्याचा आहे. अब्रू, पैसा आणि शेजाऱ्यांचे डोळे यांचे वजन प्रत्येक ठिकाणी वेगळे पडते.

अवतार म्हणजे काळ पुढे नेणे एवढाच अर्थ घेऊ नये. जो बेकरच्या 2013 च्या ‘लाँगबोर्न’मध्ये काळ तोच आहे, घरही बेनेटांचेच आहे, फक्त आपण तळघरातल्या नोकरांबरोबर उभे असतो. मूळ कादंबरीत एलिझाबेथ आजारी बहिणीला भेटायला तीन मैल चिखल तुडवत जाते, तिच्या परकराला सहा इंच चिखल लागतो, आणि तिच्या या मनस्वीपणावर आपण गेली दोनशे वर्षे भाळत आलो आहोत. ‘लाँगबोर्न’मध्ये तो परकर सारा नावाच्या मोलकरणीच्या हाती येतो, जिचे हात थंडीने फुटलेले आहेत. ते वाचल्यानंतर चिखलाचा तो प्रसंग पुन्हा पूर्वीसारखा वाचता येत नाही, आणि हे मला तरी नुकसान वाटत नाही.

‘मॅन्सफील्ड पार्क’च्या नव्या अवतारांकडे जरा सावधपणे जावे. त्या कादंबरीतले घरधनी सर टॉमस यांच्या मालमत्तेचा एक भाग अँटिग्वामध्ये आहे, म्हणजे त्या घरातल्या सुबत्तेखाली गुलामांचे श्रम आहेत. मूळ कादंबरी हा विषय जेमतेम एका प्रश्नात उच्चारते आणि पुढे जाते. आजचा लेखक तो टाळतो की त्यालाच कथेचा कणा करतो, यावर सारे अवलंबून असते. एमा आणि नाइटली यांच्यात सोळा वर्षांचे अंतर आहे आणि तो तिला लहानपणापासून ओळखतो, हीही आज खटकणारी गोष्ट. लेखक तिला कसा सामोरा जातो ते पाहावे, आणि त्याने ती नुसती झाकली असेल तर तेही ध्यानात ठेवावे. जिवंत प्रेते, खून, अंतराळ असल्या जोडण्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. पहिली वीस पाने हसू येते. त्यानंतरही येत राहिले तर वाचत राहावे.

चांगले पुनर्कथन संपले की मूळ पुस्तकातले एखादे पान उघडावेसे वाटते. वेब-मालिकेत कॉलिन्स लिझीला लग्नाची मागणी घालत नाही, नोकरी देऊ करतो; ती नाकारते आणि तिची मैत्रीण शार्लट ती घेते. लिझी चिडते, आणि शार्लट तिला कर्जाचे आकडे ऐकवते. मी अनेक वर्षे शार्लटच्या लग्नाकडे एलिझाबेथच्या नजरेने पाहत आले होते, एक समजूतदार मुलगी मूर्खाच्या पदरी पडली म्हणून हळहळत. मालिकेनंतर मी मूळ कादंबरीचे बाविसावे प्रकरण पुन्हा काढले. सत्तावीस वर्षांची शार्लट वरच्या मजल्याच्या खिडकीतून कॉलिन्सला घराकडे येताना पाहते आणि त्याला गल्लीत ‘योगायोगाने’ भेटण्यासाठी लगेच बाहेर पडते. ती जिना उतरते, दार उघडते, चालू लागते. हे वाक्य मी कितीदा तरी वाचले असेन, पण ती खिडकीत किती वेळ उभी असेल, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.